रुसलेली निद्रा

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. भूक खरी असली म्हणजे कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि झोप खरी असली म्हणजे उशाला धोंडा असला तरी चालतो, असा तिचा अर्थ. आपल्या सौंसरच्या आसपास संत्र्यांच्या बागांत किंवा कपाशीच्या शेतांत दिवसभर राबून आलेला मनुष्य बाजेवर अंग टाकताच कसा घोरू लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही म्हण निराळी समजावून सांगावयास नको. परंतु या म्हणीला एक अपवाद आहे, आणि तो मोठा दुःखद आहे. एका आजारात माणूस थकलेला असतो, डोळे जड झालेले असतात, उशाला धोंडा नसून मऊ उशी असते. आणि तरीही झोप येत नाही, आली तर टिकत नाही. त्या आजाराचे नाव नैराश्य.

विद्यार्थी मित्रहो, या विषयावर लिहावयाचे मी ठरविले त्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. मूळचा हुशार, अक्षर मोत्यासारखे, उत्तर देण्यास नेहमी पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तो बदलला. प्रार्थनेला उशिरा येऊ लागला, मागच्या बाकावर बसू लागला आणि पहिल्याच तासाला त्याचे डोळे मिटू लागले. एके दिवशी मी त्याला सर्वांसमक्ष उभे केले आणि म्हणालो, "रात्रभर मोबाईल पाहात बसायचे आणि शाळेत येऊन झोपायचे, हे चालणार नाही." मुले हसली. तो काहीच बोलला नाही. पुढे कित्येक दिवसांनी, मधल्या सुट्टीत तो कडुनिंबाखाली एकटाच उभा असता मी त्याला सहज विचारले. तेव्हा तो खाली पाहात म्हणाला, "सर, मोबाईल नाही हो. मला तीन वाजता जाग येते. मग उजाडेपर्यंत नुसता पडून असतो. काहीच चांगले वाटत नाही."

ते ऐकून मी ओशाळलो. पण माझी चूक तेवढ्यावरच थांबली नाही. मी त्याला मोठ्या आत्मविश्वासाने उपदेश केला, "रात्री आठलाच दिवा मालवून पडत जा, झोप आपोआप भरून निघेल." त्याने माझा शब्द पाळला, आणि त्याची झोप अधिकच बिघडली. हा उपदेश का चुकला, हे मला पुढे वाचनाने व डॉक्टरांशी बोलण्याने समजले. तेच तुम्हांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदास वाटणे आणि नैराश्य

परीक्षेत गुण कमी पडले, मित्राशी भांडण झाले, घरातील कोणी वडीलधारे माणूस गेले, तर वाईट वाटते. हे स्वाभाविक आहे. चार दिवस जातात, माणसांत मन रमते आणि दुःखाची धार कमी होते. नैराश्य हे याहून निराळे. त्यात मनाची खिन्नता, किंवा कशातच गोडी न वाटणे, ही अवस्था दिवसच्या दिवस, निदान दोन आठवडे तरी, जवळजवळ अखंड राहते. तिच्या जोडीला भूक मंदावते किंवा फार वाढते, लक्ष लागत नाही, थकवा जात नाही, आपण निरुपयोगी आहो असे वाटू लागते, आणि झोप बिघडते. कोणाला अंथरुणावर पडूनही तासन्‌तास झोप लागत नाही. कोणाची पहाटे तीन-चार वाजताच उडते आणि पुन्हा येत नाही. तर कोणी, विशेषतः तरुण मुले, दहा-बारा तास झोपूनही थकलेलीच उठतात. ही तिन्ही एकाच आजाराची रूपे असू शकतात.

हा आजार विरळा आहे, असे समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आपला मध्य प्रदेश हा त्या १२ राज्यांपैकी एक होता. प्रौढ माणसांत सुमारे वीसांमागे एकाला नैराश्याने कधी ना कधी गाठलेले आहे, असे त्यात आढळले. आपल्या गल्लीतील घरे मोजून पाहिली, तर या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल.

झोपेची विहीर आणि शरीराचे घड्याळ

बिघाड समजावयाचा तर आधी सुस्थिती समजली पाहिजे. झोप कशाने येते? अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते आजही पायाभूत मानले जाते. त्याच्या मते झोप दोन शक्तींच्या मेळाने येते.

पहिली शक्ती म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते, आणि ते जितके साचेल तितकी झोपेची ओढ वाढते. आपल्या बागेतील विहिरीसारखेच हे आहे. विहिरीत पाणी झिरपावयास वेळ द्यावा लागतो. दिवसातून तीन वेळा मोटार सुरू करून पाणी उपसले, तर रात्रीच्या पाळीला विहीर कोरडी पडते. दुपारी दोन-दोन तास झोपणे किंवा दिवसभर अंथरुणात लोळणे, म्हणजे रात्रीचे पाणी दिवसाच उपसून टाकणे होय.

दुसरी शक्ती म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांस ओलांडतात त्याच्या लगत, सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. केव्हा जागावे, केव्हा झोपावे, अंग केव्हा तापावे आणि केव्हा निवावे, हे तो ठरवितो. पेशींतील हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर प्रयोग करून जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांनी केला, आणि त्याबद्दल त्यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुजक्या संत्र्यावरील ज्या चिलटांना आपण हाताने हाकलतो, त्यांच्याही अंगात हे घड्याळ टिकटिकत असते! बहुतेक माणसांत या घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून ते रोज थोडे मागे पडू पाहते. त्याला रोज जुळवून घेणारी मुख्य किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. तुमच्या वयात हे घड्याळ निसर्गतःच थोडे उशिराने चालते. त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे हा सर्वस्वी तुमचा दोष नव्हे. मात्र तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप लागते, हेही विसरू नये.

झोपेच्या पोटातही निरनिराळे थर आहेत. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नाथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे दाखविले की, झोपेत काही काळ मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात. आपली ठसठशीत स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. या अवस्थेस आपण स्वप्ननिद्रा म्हणू. निरोगी माणसाला रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक लागते आणि पहिली स्वप्ननिद्रा साधारण दीड तासाने येते.

नैराश्यात काय बिघडते

नैराश्यात हा क्रम विस्कटतो. पुष्कळ रुग्णांत गाढ झोप कमी होते आणि स्वप्ननिद्रा वेळेपूर्वीच येऊन ठेपते. झोप हलकी, तुटक व असमाधानाची होते. पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नैराश्यामुळे माणसाची दिनचर्याच अशी होते की, वर सांगितलेल्या दोन्ही शक्ती दुबळ्या पडतात. मन लागत नाही म्हणून तो बाहेर जात नाही. त्यामुळे सकाळचा उजेड अंगावर पडत नाही आणि घड्याळाला किल्ली बसत नाही. थकवा वाटतो म्हणून तो दिवसभर पडून राहतो. त्यामुळे विहीर भरत नाही. मग रात्र जागरणात जाते, दुसरा दिवस अधिक जड होतो, आणि रहाटगाडगे पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

यात आणखी एक गुंता आहे. अंथरूण ही खरोखर झोपेची जागा. परंतु रोज रात्री तेथे तीन-तीन तास तळमळत पडले, की मनाला त्या जागेची निराळीच सवय लागते. अंथरूण पाहिले की झोप आठवण्याऐवजी काळजी आठवते. कित्येकांना बैठकीत बसल्या बसल्या डुलकी येते, आणि अंथरुणावर जाताच ते टक्क जागे होतात, ते यामुळेच. रिचर्ड बुटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली ही गोष्ट ओळखून तिच्यावर उपचारपद्धती बसविली. माझ्या विद्यार्थ्याला मी रात्री आठला पडावयास सांगितले, तेव्हा मी नेमके काय केले ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. झोप होती तेवढीच राहिली; तळमळण्याचे तास मात्र मी वाढवून दिले.

बीज आधी की वृक्ष आधी

पूर्वी अशी समजूत होती की, निद्रानाश हे नैराश्याचे केवळ एक लक्षण आहे. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल. आता ही समजूत अपुरी ठरली आहे. ज्यांना दीर्घकाळ झोप येत नाही, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा संभव इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले आहे. तसेच मन सुधारल्यावरही कित्येकांची झोप बिघडलेलीच राहते, आणि ती तशीच राहिली तर आजार उलटण्याची भीती असते. म्हणून आता दोहोंवर एकदमच उपचार करावेत, असे तज्ज्ञ म्हणतात. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी प्रौढांना आधी गोळी न देता, सवयी व विचार यांवर काम करणारी उपचारपद्धती द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली केली.

या पद्धतीने नैराश्यही हटते काय? २००८ साली केवळ ३० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, औषधाच्या जोडीला हा झोपेचा उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ६२ जणांचे नैराश्य ओसरले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा ३३ होते. पुढच्या मोठ्या अभ्यासात मनावरील परिणाम इतका ठळक दिसला नाही. झोप मात्र निश्चित सुधारली. तेव्हा झोपेचे हे नियम म्हणजे नैराश्यावरील रामबाण औषध, असे मी म्हणणार नाही. परंतु आजारी माणसाच्या हाती स्वतःसाठी करण्याजोगे काहीतरी येते, ही गोष्ट लहान नाही.

उपदेशाचा उत्तरार्ध आधी

लवकर निजावे आणि लवकर उठावे, असा उपदेश आपण बाळपणापासून ऐकतो. ज्याची झोप शाबूत आहे त्याला तो सर्वस्वी योग्य आहे. पण ज्याची झोप रुसली आहे, त्याने त्यातील उत्तरार्धापासून आरंभ करावा. निजणे आपल्या हाती नाही. झोप ओढून आणता येत नाही, उलट जितकी ओढावी तितकी ती दूर पळते. उठणे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून पहिला नियम असा की, उठण्याची एकच वेळ ठरवावी आणि ती रविवारीही मोडू नये. रात्र कशीही गेली असो, सहाची वेळ ठरली असेल तर सहाला उठावे, आणि तडक घराबाहेर अंगणात किंवा गच्चीवर जावे. अर्धा तास तेथेच बसावे, फिरावे किंवा झाडांना पाणी घालावे. आभाळ झाकोळलेले असले, तरी बाहेरचा उजेड घरातील दिव्याहून कितीतरी पटींनी अधिक असतो. पहिले काही दिवस फार जड जातात. पण उठण्याची वेळ स्थिर झाली की आठवड्या-दोन आठवड्यांत झोपेची वेळही तिच्या मागोमाग येऊ लागते.

दुसरा नियम, झोप आल्यावाचून अंथरुणावर जाऊ नये. थकवा आणि झोप या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. नैराश्यात थकवा दिवसभर असतो, झोप नसते. डोळे मिटू लागले, जांभया येऊ लागल्या, म्हणजे जावे. अंथरुणावर बसून अभ्यास, जेवण, मोबाईल यांपैकी काही करू नये.

तिसरा नियम, सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर तळमळत पडू नये. घड्याळाकडे पाहू नये; अदमासानेच ठरवावे. उठून दुसऱ्या ठिकाणी मंद उजेडात काही साधे काम करावे. शेंगा सोलाव्यात, कपड्यांच्या घड्या कराव्यात, वाचलेलेच पुस्तक पुन्हा वाचावे. झोप आली की परत जावे. एका रात्रीत असे तीन-चार वेळाही करावे लागेल, हरकत नाही. अंथरूण म्हणजे झोप, हे नाते पुन्हा जुळविण्याचा हा मार्ग आहे.

चौथा नियम दुपारच्या झोपेचा. अगदीच राहवले नाही तर तीन वाजण्यापूर्वी, वीस-पंचवीस मिनिटे, तीही गजर लावून. आपल्याकडील वैशाखात दुपारी काही सुचत नाही हे खरे. पण त्या वेळी पडून राहावयाचे ते जागेपणी, थंड जागी, असे ठरवावे. उन्हाळ्यात रात्री झोपण्यापूर्वी आंघोळ करणे आणि गच्चीवर बाज टाकणे, ही आपल्या वडिलांची चाल शास्त्रालाही धरून आहे. कारण शरीर आतून थोडे निवल्याशिवाय चांगली झोप लागत नाही.

पाचवी गोष्ट पेयांची व व्यसनांची. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य अ‍ॅडिनोसीनचा मार्ग अडवून बसते, आणि त्याचा निम्मा अंश शरीरातून जावयास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा जोर रात्री अकरालाही शिल्लक असतो, असा हिशेब झाला. तेव्हा दुपारनंतर चहा नको. खऱ्र्यातील तंबाखूही मेंदूला जागे ठेवते. दारूने आधी गुंगी येते आणि उत्तररात्री झोप मोडते. शिवाय नैराश्य वाढते, ते वेगळेच.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करावयास हवे. अंथरुणातील वेळ मुद्दाम कमी करून झोप घट्ट करण्याची एक रीत डॉक्टर वापरतात. ती तुम्ही आपल्या मनाने करू नये. वाढत्या वयात झोप तोडणे बरे नव्हे. आणि ज्यांना मिरगीचा त्रास आहे किंवा ज्यांचे मन कधी खिन्नतेत तर कधी अतिउत्साहात जाते, त्यांना तर ती अपाय करू शकते.

काहींच्या घरी या नियमांना अडचण येते, हे मी जाणतो. ओलिताची लाईट रात्रीच्या पाळीने आली, की बापलेकांना मध्यरात्री बागेत जावे लागते. अशा घरांनी निदान एवढे करावे की, आजारी माणसाला रात्रीच्या पाळीतून काही महिने वगळावे. आणि ते शक्य नसेल तर रात्रीचे चार-पाच तास तरी रोज एकाच वेळी त्याच्या वाट्यास येऊ द्यावेत.

मन लागेपर्यंत थांबू नये

हे सर्व वाचून नैराश्यातील मनुष्य म्हणेल, "एवढे करण्याची उमेदच नाही, तोच तर माझा आजार आहे." त्याचे म्हणणे खोटे नाही. याच ठिकाणी गोव्यातील एका प्रयोगाची माहिती उपयोगी पडेल. तेथील संगात या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांस सहा ते आठ भेटी दिल्या. त्यांनी शिकविलेले सूत्र साधे होते : मन लागले म्हणजे काम करीन, असे म्हणून थांबू नये, लहानसे काम करावे, मन मागून येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, अशा भेटी मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी शेकडा ६४ जणांचे नैराश्य ओसरलेले आढळले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण शेकडा ३९ होते.

आणि हे केवळ गोव्यातच घडले असे नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत असेच एक काम चालले. विदर्भातील ताण व आरोग्य यांविषयीच्या त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातील अक्षरांपासून 'विश्राम' असे सुंदर नाव तयार झाले होते. काम सुरू होण्यापूर्वी तेथे नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते; दीड वर्षाने ती संख्या सत्तावीसवर गेली. माणसे तीच, शेती तीच, कर्जाचे डोंगरही बहुधा तेच. फरक इतकाच पडला की, गावातील कोणीतरी दाराशी येऊन विचारू लागले.

पहाटे तीन वाजताचे विचार

ज्यांना पहाटे जाग येते त्यांच्यासाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. त्या वेळी मनात येणारे विचार खरे मानू नयेत. अनेक रुग्णांत नैराश्याचा जोर सकाळी अधिक आणि संध्याकाळी कमी असतो. शिवाय अंधार असतो, घर निजलेले असते, बोलावयास कोणी नसते. अशा वेळी लहान अपयश डोंगराएवढे दिसते. म्हणून पहाटेच्या अंधारात कोणताही निर्णय घ्यावयाचा नाही, असा स्वतःशी नियम करावा. संध्याकाळी दहा मिनिटे वही घेऊन बसावे, काळज्या लिहून काढाव्यात, आणि त्यांपुढे उद्या करावयाची एक लहान गोष्ट लिहावी. रात्री काळजी आली तर तिला सांगावे, "तुझे नाव वहीत आहे, उजाडल्यावर पाहू."

आणि जगणेच नको, असा विचार येऊ लागला, तर मात्र उजाडण्याचीही वाट पाहू नये. घरातील माणसाला हलवून जागे करावे. त्याची झोपमोड होईल याचा संकोच धरू नये. असा संकोच फार महाग पडतो. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. त्यावर आपल्या भाषेत बोलता येते.

औषध आणि श्रद्धा

नैराश्यावरील औषधांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. ती घेतल्याबरोबर गुण येत नाही. बहुधा दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक, थांबावे लागते. काहींनी झोप येते, काहींनी उडते. म्हणून गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हे डॉक्टरांस विचारावे. बरे वाटू लागले म्हणून ती एकाएकी बंद करू नये. झोपेच्या गोळ्या हा निराळा प्रकार आहे. त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. त्या डॉक्टरांनी दिल्या तर तेवढ्याच दिवस घ्याव्यात. आजोबांच्या डबीतील किंवा दुकानातून परस्पर आणलेली गोळी कधीही घेऊ नये.

आपल्या जामसावळीच्या हनुमंताची मूर्ती निजलेल्या अवस्थेतील आहे, हे तुम्ही सर्व जाणता. मनाने थकलेली कित्येक माणसे तेथे येतात, आणि त्यांना तेथे धीर मिळतो. त्या श्रद्धेला धक्का लावण्याचे मला कारण नाही. दर्शन घ्यावे, आणि परतताना डॉक्टरांकडेही जावे. एकासाठी दुसरे सोडावयाची गरज नाही. आधी जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे. जरूर पडल्यास नागपूर आपल्यापासून दूर नाही. तेथे मेडिकल कॉलेज आहे, आणि १८६४ साली स्थापन झालेले मनोरुग्णालयही आहे.

घरच्यांनी काय करावे

घरात असा कोणी असेल तर त्याला आळशी, कामचुकार, रडका म्हणू नये. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपण म्हणतो. पण येथे सोंग नाही, आणि झोपही नाही. "मन घट्ट कर," या उपदेशानेही फारसे साधत नाही. त्याऐवजी सकाळी ठरल्या वेळी नावाने हाक मारावी, खिडकी उघडावी, अंगणात खुर्ची टाकून चहाचा कप हातात द्यावा आणि शेजारी बसावे. बोलला तर ऐकावे, न बोलला तरी बसावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या मराठी चित्रपटास २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यातही खचलेल्या तरुणाला फारसे प्रश्न न विचारता जवळ केलेले दाखविले आहे. मोठा इलाज पुष्कळदा अशाच साध्या रीतीने सुरू होतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. मी त्याच्या वडिलांना भेटलो. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "गुरुजी, झोप तर मलाही दोन वर्षांपासून नाही." पुढे दोघेही मिळून डॉक्टरांकडे गेले. मुलाला औषध सुरू झाले, आणि रोज सहाला उठून बागेत एक फेरी घालावयाची, असा नेम ठरला. पहिल्या महिन्यात त्याने तो पाच-सहा वेळा मोडला आणि पुन्हा धरला. उन्हाळ्यापर्यंत त्याची झोप बरीचशी परतली. अजूनही कधीमधी एखादी रात्र वाईट जाते, असे तो सांगतो. पण आता त्या रात्रीला तो पूर्वीसारखा भीत नाही.

आता वर्गात एखाद्याचे डोळे मिटू लागले, की मी त्याला उभे करीत नाही. तास संपल्यावर जवळ बोलावून एवढेच विचारतो, "रात्री झोप लागते ना रे?" मित्रहो, आपल्या शेजारच्या बाकावरील मित्राला हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता.